कोळशाची इस्त्री आणि विजेचे शहर

बंगळूरच्या मल्लेश्वरम्, बसवनगुडी किंवा जयनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांतून सकाळी आठच्या सुमारास फेरफटका मारणाऱ्याला एक दृश्य हटकून दिसत असे आणि काही ठिकाणी ते अजूनही दिसते. रस्त्याच्या कडेला करंजाचे झाड, त्याच्या सावलीत चार चाकांची लाकडी गाडी, गाडीच्या फळीवर जाड कांबळ्यावर अंथरलेली जुनी चादर, आणि एका बाजूला तोंड उघडून ठेवलेली पितळी इस्त्री. इस्त्रीत लोणारी कोळसा किंवा नारळाच्या करवंट्या पेटत घातलेल्या असतात. गाडीवाला ती इस्त्री हातात धरून झोक्यासारखी मागेपुढे हलवतो. वारा लागून निखारे फुलतात, राख उडते, आणि पहिला सदरा फळीवर येतो. समोरच्या घराच्या फाटकावर विजेचा दिवा असतो, डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्या खाली मात्र काम चालते ते कोळशावर.

या दृश्यात एक कोडे दडलेले आहे. बंगळूर हे भारतात विजेचे दिवे अगदी आरंभी पाहिलेल्या शहरांपैकी एक. कावेरीच्या शिवनसमुद्र येथील धबधब्यावर म्हैसूर संस्थानाने वीज निर्माण केली. १९०२ साली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. म्हणजे विजेच्या इस्त्रीला लागणारी शक्ती या शहराच्या दारात केव्हाच येऊन उभी राहिली होती. तरीही त्याच रस्त्यांवर कोळशाची इस्त्री पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली. हे असे का व्हावे? लोक जुन्याला चिकटून राहतात, असे सोपे उत्तर पुष्कळदा दिले जाते. पण ते खरे नाही. त्यासाठी इस्त्रीची मूळ कथाच थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे.

कापड गुळगुळीत करण्याची हौस माणसाला फार जुनी. चीनमध्ये दांडा असलेल्या धातूच्या पसरट भांड्यात निखारे घालून ते रेशमावरून फिरवीत. सुङ् राजवटीतील सम्राट हुइत्सुङ् याच्या नावाने ओळखले जाणारे, बाराव्या शतकाच्या आरंभीचे एक चित्र अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात दरबारातील स्त्रिया नव्या विणलेल्या रेशमाचा पट्टा दोन्ही टोकांनी ताणून धरून उभ्या आहेत आणि एक जण त्यावर निखाऱ्यांचे भांडे फिरवीत आहे. उत्तर युरोपात मात्र उष्णतेचा उपयोग पुष्कळ उशिरा झाला. तेथे काचेच्या गुळगुळीत गोळ्यांनी कापड घोटीत असत.

आपल्याकडे या कामासाठी निराळा मार्ग होता. धुतलेल्या कापडाची घडी करून ती लाकडी मोगरीने ठोकीत. याला कुंदी म्हणत आणि हे काम करणारे ते कुंदीगर. कुंदीने कापडाला चकाकी येई. हा धंदा मागे पडला, पण एखाद्याला चांगला चोप दिला की त्याची कुंदी काढली, असे मराठी माणूस अजून म्हणतो. धंदा गेला आणि मार तेवढा उरला. याखेरीज घरोघरी चालणारा उपाय म्हणजे ताणणे. लुगडे किंवा धोतर थोडे ओलसर असतानाच दोघींनी समोरासमोर उभे राहून चारही टोके धरायची, झटका देऊन ताणायचे, मग पावले पुढे टाकीत घडीवर घडी आणायची आणि शेवटी ती घडी रात्रभर गादीखाली किंवा पाटाखाली ठेवायची. न शिवलेल्या वस्त्राला एवढे पुरेसे होते. कॉलर, कफ, खांदा, खिसा हे सारे शिवणकामाबरोबर आलेले प्रश्न आहेत, आणि इस्त्रीची खरी गरज भासू लागली ती शिवलेल्या कपड्यांमुळे.

तेव्हा इस्त्री हा शब्द परक्या भाषेतून यावा, यात नवल नाही. वरवर पाहता तो संस्कृतातल्या स्त्री शब्दाशी जोडावा असा मोह होतो आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. पण त्या दोघांचा काही संबंध नाही. गोव्याचे थोर भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियातील भाषांमध्ये शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी इस्त्रीचे मूळ पोर्तुगीज ‘एस्तिरार’ या क्रियापदात दाखविले आहे. एस्तिरार म्हणजे ताणणे. अंगणात दोघी जणी लुगड्याचे करीत असत तेच! बादली, फीत, शर्टाचे काज हेही याच वाटेने मराठीत आलेले शब्द होत. विशेष हे की इस्त्री मराठीत थांबली नाही. कोंकणी, कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी या सगळ्या भाषांनी तो शब्द थोड्याफार फरकाने आपलासा केला. बंगळूरसारख्या शहरात, जिथे एकाच गल्लीत चार भाषा बोलल्या जातात, तिथे नव्याने आलेल्या मराठी गृहिणीला भाजीवाल्याशी बोलताना अडखळावे लागे, पण कपड्यांचे गाठोडे घेऊन गाडीपाशी गेल्यावर ‘इस्त्री’ एवढा एक शब्द पुरे होई. कन्नडात या उपकरणाला ‘इस्त्री पेट्टिगे’ म्हणतात. पेट्टिगे म्हणजे आपली पेटीच. कोळसा ठेवायची ती पेटी. आणि पुढे कोळसा गेला, वीज आली, तरी दक्षिणेत बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीतसुद्धा विजेच्या इस्त्रीला आयर्न बॉक्स म्हणण्याची रीत कायम राहिली.

मराठी माणसे या शहरात काही आज आलेली नाहीत. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांकडे आले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून येथे मराठी बोलणारी घरे आहेत. विसाव्या शतकात १९०९ ची विज्ञान संस्था, १९४० चा विमानांचा कारखाना, १९४८ चा टेलिफोनचा, १९५३ चा यंत्रांचा आणि १९५४ चा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना, अशा संस्थांतून नोकरीनिमित्त आणखी कुटुंबे येत गेली. नोकरी आली म्हणजे शर्ट-पँट आली आणि शर्टाबरोबर इस्त्री आली. त्याआधी १८०९ पासून इंग्रजांची लष्करी छावणी येथे होती. शिपायाच्या गणवेशाला चूण चालत नाही, तेव्हा कडक इस्त्रीची शिस्त या शहराला छावणीनेही लावली असली पाहिजे.

त्या काळच्या मराठी घरातील धुण्याचा थाट आता वर्णन करून सांगावा लागतो. रोजचे कपडे विहिरीवर किंवा मोरीतील दगडावर धोपाटण्याने बडवून घरीच धुतले जात. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना रिठ्याचे पाणी. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ. जुन्या सुती कापडावर पिवळट छटा येते आणि निळा रंग त्या पिवळेपणाला डोळ्यांपुरता झाकतो, एवढीच त्यातली युक्ती. नीळ जास्त झाली की सदऱ्यावर ढग उमटत, आणि ते ढग घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाची थट्टा ठरलेली. मग भाताच्या पेजेची किंवा आरारुटाची खळ. खळ घातलेले कापड वाळून पापडासारखे ताठ होई. त्यावर पाण्याचा शिपका मारून, गुंडाळून, मुरत ठेवावे लागे.

इस्त्री प्रत्येक घरात नसे. सपाट बुडाच्या पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालून, तांब्याचा काठ फडक्याने धरून तो सदऱ्यावरून फिरवायचा, ही गरिबाघरची इस्त्री. तांब्याला टोक नसल्यामुळे बटणांच्या मधली जागा तशीच राही. पुढे घरात कोळशाची इस्त्री आली तरी ती वापरणे काही खेळ नव्हता. निखारे धगधगीत हवेत पण ज्वाला नको. धूर आला तर कापड काळवंडणार, ठिणगी उडाली तर भोक पडणार. तापली की नाही हे पाहण्यासाठी बोटाने पाण्याचा थेंब तळाला लावायचा आणि चर्र असा आवाज ऐकायचा. जमिनीवर चौपदरी घोंगडी, तिच्यावर जुने पातळ, आणि त्या पातळावर तपकिरी रंगाचे दोनचार त्रिकोणी डाग. हा कारखाना बहुधा रात्री जेवणे आटोपल्यावर, घरातील बाईच्या दिवसाच्या अखेरच्या तासात चाले. सकाळी नवरा आणि मुले ताठ कपडे घालून बाहेर पडत. त्या ताठपणासाठी कोणाची पाठ वाकली, याचा हिशोब कोणी ठेवत नसे.

यामागचे शास्त्र थोडक्यात सांगता येईल. कापसाचे तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचे बनलेले असतात आणि त्या साखळ्या एकमेकींना नाजूक बंधांनी धरून राहतात. कापड चुरगळते तेव्हा हे बंध वेड्यावाकड्या स्थितीतच पक्के होतात. पाणी शिरले की ते सुटतात, उष्णतेने साखळ्या सरकू लागतात, भाराने त्या सरळ होतात आणि पाणी उडून गेल्यावर त्या सरळ स्थितीतच पुन्हा जखडल्या जातात. म्हणून पाणी, उष्णता आणि भार या तिन्ही गोष्टी लागतात. सुती कापडाला सुमारे २०० अंश सेल्सियस उष्णता सोसते, रेशमाला सुमारे १५०, आणि नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याला ११० च्या आसपास. जुन्या कोळशाच्या इस्त्रीला उष्णतामापक नव्हता. तो गाडीवाल्याच्या हातात होता.

घरचे रोजचे, पण मोठे धुणे परटाकडे. महाराष्ट्रात परीट हा गावगाड्यातील बलुतेदार. लग्नात वऱ्हाडाच्या वाटेवर पायघड्या घालण्याचा मानही त्याचा. परीटघडी हा शब्द त्याच्या हातच्या सफाईची पावती आहे. संत गाडगे महाराज याच समाजात १८७६ साली जन्मले आणि त्यांनी कपड्यांऐवजी गावेच्या गावे स्वच्छ केली. कन्नड मुलखात या कारागिराला अगस किंवा मडिवाळ म्हणतात. मडी म्हणजे धुतलेले वस्त्र आणि मडी म्हणजेच सोवळेही. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या अनुयायांत मडिवाळ माचिदेव या नावाचे शरण होते, आणि ते शरणांचे कपडे धूत. ज्याच्या हातून सोवळे तयार होते तो स्वतः मात्र समाजात खालच्या पायरीवर, ही विसंगती दोन्ही प्रांतांत सारखीच होती.

परटाची भट्टी म्हणजे मोठ्या हंड्यावर सोड्याच्या किंवा खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे रचून रात्रभर वाफ देणे. पन्नास घरांचे कपडे एकाच भट्टीत जात, तरी कोणाचा पंचा कोणाच्या घरी गेला असे क्वचितच घडे. याचे कारण बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाने कापडाच्या कोपऱ्यावर खूण करून त्यावर चुना लावला की ती काळी खूण शेकडो धुण्यांत जात नाही. युरोपियनांनी तर बिब्ब्याला खुणेची बी असेच नाव दिले. अक्षरओळख नसलेला परीट त्या ठिपक्यांवरून आणि रेघांवरून घर ओळखी. घरच्या बाईजवळ एक वही असे: सदरे ६, धोतरे ४, चादरी २, उशीचे अभ्रे ४. आठवड्याने गाठोडे आले की मोजणी, एखाद्या तुटलेल्या बटणावरून थोडी वादावादी, आणि त्यानंतर चहा.

टेरिलीनने हा संसार मोडला. इंग्लंडमध्ये १९४१ साली शोधला गेलेला हा धागा भारतात रुळला तेव्हा भट्टीची गरज राहिली नाही. उलट भट्टीत तो टिकेना. पुढे घरात धुण्याचे यंत्र आले. धुणे परटाच्या हातून गेले आणि त्याच्याकडे उरली केवळ इस्त्री. घाटावरचा माणूस गाडी घेऊन रस्त्यावर आला.

आता विजेच्या इस्त्रीकडे वळले पाहिजे, कारण तिच्या जन्मकथेतच बंगळूरच्या कोड्याचे अर्धे उत्तर आहे. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली याने ६ जून १८८२ रोजी विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. त्या शहरातील एडिसनचे पहिले वीजकेंद्र सुरू झाले ४ सप्टेंबरला! म्हणजे इस्त्री आधी आणि वीज नंतर. पुढेही कित्येक वर्षे वीज फक्त दिव्यांसाठी, सूर्य मावळल्यावर सोडली जाई. दिवसा ती नसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ गावच्या वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसन याने हलकी विजेची इस्त्री बनवून गावातील गृहिणींना वापरायला दिली. परंतु दिवसा वीज नाही, तर इस्त्री करणार केव्हा? मंगळवार हा तेथील स्त्रियांचा इस्त्रीचा दिवस. रिचर्डसनने आपल्या कंपनीचे मन वळवून मंगळवारी दिवसभर वीज चालू ठेवविली. टोकाशी उष्णता अधिक हवी, म्हणजे बटणांच्या भोवती फिरता येते, हेही त्याला त्या स्त्रियांनीच सांगितले, आणि ‘हॉटपॉइंट’ हे प्रसिद्ध नाव त्यातून निघाले. शोध लागून वीस वर्षे उलटली तरी तो वापरात आला नव्हता. वापरणाऱ्याच्या हाताशी, त्याच्या वेळेला वीज पोहोचली तेव्हा आला.

बंगळूरच्या बंगल्यात विजेची इस्त्री आली, कारण बंगल्याला मीटर होते. रस्त्यावरच्या गाडीला मीटर कुठून असणार? विजेची जोडणी मागायची तर पत्ता लागतो, जागेचा हक्क लागतो, कागद लागतात. झाडाखालच्या माणसाचा पत्ता म्हणजे ते झाडच. समोरच्या घरमालकाने मेहरबानीने एखादी तार दिली तर ती मेहरबानी. ती केव्हाही काढून घेतली जाते. शिवाय घरगुती विजेची इस्त्री वजनाने हलकी. दिवसाला शंभर-दीडशे कपडे ज्याला संपवायचे आहेत त्याला सहासात किलोची जड इस्त्रीच परवडते. तिच्या स्वतःच्या भाराने चूण मोडते आणि एकदा तापली की ती लवकर निवत नाही. तेव्हा गाडीवाल्याने कोळसा धरून ठेवला तो अडाणीपणाने नव्हे. त्याच्या परिस्थितीत कोळसा हेच शहाणपण होते. त्याची किंमत मात्र तो देत होता: रोज पहाटे अर्धा तास निखारे पेटविण्यात, राख नाकातोंडात, धूर डोळ्यांत, कोळशाच्या वायूने धरणारे डोके.

या धंद्याचा आधार किती पातळ आहे हे २०२० साली दिसले. टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, माणसे घरी बसून घरच्याच कपड्यांत काम करू लागली, आणि इस्त्रीचे गाठोडे एकाएकी नाहीसे झाले. कर्नाटक सरकारने ६ मे २०२० रोजी जाहीर केलेल्या मदतीत सुमारे ६० हजार धोब्यांना प्रत्येकी ५,००० रुपये एकवार देण्याचे ठरविले. त्याच वर्षी केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी आरंभी १०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना आणली. तिच्यात धुलाई-इस्त्रीसारख्या सेवांचा नाव घेऊन समावेश होता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेही रस्त्यावर सेवा देणाऱ्याला विक्रेत्याच्या व्याख्येत घेतले आहे. सरकारी व्याख्येतील एक शब्द किती जणांना आत घेतो किंवा बाहेर ठेवतो, हे फायलीवर काम करणाऱ्यालाच ठाऊक. इस्त्रीवाला काही विकत नाही; केवळ ‘माल विकणारा’ असे लिहिले असते तर तो कायद्याबाहेरच राहिला असता.

कोळसा हटला तो अखेर विजेने नव्हे, तर गॅसने. गेल्या काही वर्षांत बंगळूरच्या हजारो गाड्यांवर गॅसची इस्त्री आली आहे. सिलिंडरपासून एक नळी इस्त्रीच्या पोटात जाते, आत ज्योत जळते, तळ दोनचार मिनिटांत तापतो. वजन जुन्या इस्त्रीसारखेच भक्कम ठेवलेले असते. गॅसला जे जमले ते विजेला का जमले नाही, याचे उत्तर पुन्हा कागदातच सापडते. २०१३ पासून पाच किलोचे छोटे सिलिंडर खुल्या विक्रीस आले आणि ते घेण्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखीचा पुरावा चालतो. झाडाखालच्या माणसाला ओळख होती. पत्ता तेवढा नव्हता.

सूर्यशक्तीचा प्रयत्नही झाला आहे. तामिळनाडूतील तिरुवण्णामलै येथील विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने, रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याने फेकलेले जळके कोळसे पाहून, सौर पत्रे बसविलेल्या गाडीचा आराखडा तयार केला. २०२१ साली ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत तिने भाषणही केले. कल्पना सुंदर आहे. अडचण हिशोबाची आहे. विजेच्या इस्त्रीला हजार वॅटच्या आसपास शक्ती लागते, आणि गाडीच्या टपावर मावणारे दोन चौरस मीटरचे पत्रे भर दुपारीही चारशे वॅटच्या आतबाहेर देतात. बाकीची तूट बॅटरीने भरून काढावी लागते आणि बॅटरी महाग असते. शिवाय पत्र्यांना ऊन हवे, तर दिवसभर उभे राहून तापलेले लोखंड फिरविणाऱ्याला सावली हवी.

गॅसच्या इस्त्रीला काही हजार रुपये एकदम मोजावे लागतात आणि सिलिंडरचा भाव चढला की महिन्याचा मेळ बिघडतो. म्हणून बंगळूरच्या एखाद्या गाडीखाली वाकून पाहिले तर जुनी पितळी इस्त्री पोत्यात गुंडाळून ठेवलेली आढळते. महिन्याच्या अखेरीस सिलिंडर संपला आणि नवा घ्यायला दोन दिवस अवकाश असला, की ती बाहेर निघते. करवंट्या पेटतात, आणि समोरच्या घरातील बाई खिडकी लावून घेते.